दहा तेत्रीची पाच नाणी

पियानो आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही.
म्हणून मानाना इटलीला कामाला गेली
तेव्हा तो आठव्या मजल्यावरच राहिला.
आम्ही चौघांनी ढकलत ढकलत
तिच्या दारातून माझ्या दारात आणला.
अकरा पावलं.
जाताना म्हणाली, ओतार, अधूनमधून झाकण उघडत जा,
नाहीतर आतल्या नमद्याला कसर लागेल.

झाकण उघडलं की हात जातोच.

आता दर मंगळवारी त्सियालाबाई येतात.
वय ब्याऐंशी, बोटांत संधिवात,
कान मात्र शिकारी कुत्र्याचे.
ग्लदानीतल्या दोन पिढ्या त्यांनी पट्टी मारून शिकवल्या.
मी सगळ्यांत थोराड, आणि सगळ्यांत मठ्ठ,
हे त्या चहा पिता पिता सांगतात.
"बोटांचं काही नाही हो, बोटं चालतील.
तुमचं मन कुठे बसतं तेवढं बघा."

युक्तीही त्यांचीच:
डावीकडे पाच नाणी मांडायची.
तिसरी ओळ बिनचूक वाजली की एक उजवीकडे.
चुकलात, की सगळी परत डावीकडे.
नाणी माझ्याकडे डबाभर.
दहा तेत्री टाकल्याशिवाय
आमची लिफ्ट वर जात नाही,
आणि लिफ्ट दुरुस्त करणारा मीच.

तर एक.
डावा हात खाली उतरतो, करंगळी काळ्या पट्टीवर,
उजवा थांबतो, मग येतो.
दोन.
भिंतीमागे लिफ्ट निघाली.
पाचव्या मजल्यावर दाराचा रोलर घासतोय,
सोमवारी ग्रीस लावायला हवं, पाना कुठाय,
पाना झाझाकडे, झाझा फोन उचलत नाही,
त्याची बायको आजारी आहे म्हणे, जाऊन यायला हवं,
रिकाम्या हाताने कसं जायचं,
आणि बोटं केव्हाच भलतीकडे पोचलेली
माझ्यावाचून.
पहिले पाढे पंचावन्न.
वयही तेवढंच.

फोन पिठाच्या डब्यात लपवून पाहिला.
कानात कापूस घालून पाहिला,
मग पियानोही ऐकू येईना.
नवल याचं वाटतं,
की लिफ्टच्या टपावर, अंधारात,
तोंडात टॉर्च धरून उभा असताना
मन एक तसूभर हलत नाही.
तिथे चुकलं तर नाणी परत मांडता येत नाहीत.

शनिवारी रात्री झाकणावर कोपर टेकून बसलो
आणि त्या ओळीला विचारलं,
रोजच्या कामात विचारतो तसं:
बाई, तू नेमकी घासतेस कुठे?
सगळी नाही. सहावा स्वर.
अंगठा बोटांखालून जायला उशीर करत होता,
गंजलेल्या कडीसारखा.
मग ओळ सोडून दिली.
फक्त ते दोन स्वर, पाचवा आणि सहावा,
हळू, आणखी हळू,
तेल मुरेपर्यंत.
किती वेळा ते मोजलं नाही.
खालच्या सांद्रोने छताला झाडू ठोकला तेव्हा थांबलो.

आज सकाळी एक. दोन. तीन.
चौथं नाणं सरकवताना हात थरथरला,
हे सांगायला लाज नाही.
तेवढ्यात अंगणातून आरोळी:
"ओतार! ए ओतार! सुटे आहेत का?"
एतेरी. दोन्ही हातांत बटाट्याच्या पिशव्या,
आणि लिफ्टसमोर उधारी चालत नाही.
डावीकडे उरलेलं एकुलतं एक नाणं
कागदात गुंडाळलं, खिडकीतून टाकलं.
तिने पिशवी न सोडता पायाखाली धरलं.

परत येऊन बसलो. डावी बाजू रिकामी.
बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, हे काही खरं नाही.
नव्हतंच.
मग नाण्यावाचूनच सुरू केलं:
करंगळी, थांबणं, येणं,
भिंतीमागे एतेरी बटाट्यांसह वर निघाली,
पाचव्यावर रोलर घासला,
मी ऐकला,
अंगठा वेळेवर खालून गेला.

चौथ्या ओळीत धडपडलो.
ती अजून शिकवलेली नाही.