लिटरमागे नऊ

वजन म्हणाल तर काहीच नाही.
वाळ्याच्या ताट्या, वुडवूलच्या गाठी,
कूलरच्या तीन महिन्यांवर वर्ष काढणारं आमचं दुकान,
दोरी सुटली तर वाऱ्यावर जाईल असा माल.
तरी पिकअप डिझेल पीत होती
खडी भरल्यासारखी.

वही माझ्या हातची.
डाव्या रकान्यात किलोमीटर, उजव्यात लिटर,
भागाकार मी पेन्सिलने करते.
दिवाळीला तेरा. होळीला अकरा.
मे लागला आणि नऊ.
नऊखाली मी दोनदा रेघ ओढली
आणि प्रणय उईकेला विचारलं,
"बाकीचं कुठं जाते रे?"

तो काही बोलला नाही.
किल्ली गल्ल्यावर ठेवली,
सीटमागचा दुपट्टा काढून डोक्याला गुंडाळला
आणि गेला, भर दोन वाजताच्या उन्हात.
मी त्याला चोर म्हटलं नव्हतं.
भागाकार वाचून दाखवला होता फक्त.

निखाडे मिस्त्रीचं गॅरेज वाडीला, टिनाखाली.
वही पुढे केली तर हसला.
"ताई, हा तर ताप झाला.
मलेरिया हाय का टायफाइड, ते पाहा लागन ना."

आधी एअर फिल्टर काढून आपटला.
त्यातून आमचंच दुकान खाली पडलं:
भुसा, तुसं, वाळ्याचे तंतू,
आणि ऑइलच्या त्या जागेत क्षणभर
वाळ्याचा वास.
"माल हुंगून रायली तुमची गाडी. श्वास कुठून घेईन?"

मागच्या टायरांत हवा, पाहिजे त्याच्या अर्धी.
नवा फिल्टर बसल्यावर सायलेन्सरपुढे पांढरं फडकं धरलं,
ते पांढरंच राहिलं.
"इंजेक्टर बरे हायेत. तुमचे पैसे वाचले."

मग टाकी काठोकाठ, अमरावती रोडवरच्या पंपावर,
बाजारगावपर्यंत जाऊन परत,
पुन्हा त्याच नोझलने काठोकाठ.
मी केबिनमध्येच गुडघ्यावर भागाकार केला.
सव्वादहा.
अजून पावणेतीन कुठेतरी जात होते.

परतताना पुलाच्या उतारावर
त्याने गाडी न्यूट्रलला टाकली.
खालच्या चहाच्या टपरीपर्यंत जायला हवी होती.
ती अर्ध्यातच थांबली,
उतारावर, मागून ट्रक बोंबलत असताना.

मिस्त्री खाली उतरला पाण्याची बाटली घेऊन.
मेच्या नागपुरात कोणतं लोखंड गार असते?
म्हणून त्याने हात लावलाच नाही,
चारी चाकांवर पाणी शिंपडलं.
तीन चाकं गुपचूप वाळली.
मागचं डावं म्हणालं, चर्रर्र.

हँडब्रेकची केबल आतल्या आत गंजलेली.
दांडा खाली, पण चाकाला ते कळलंच नव्हतं.
"चार महिने ब्रेक लावून चालली हे.
पोरगं रेस दाबत होतं, म्हणून पोचत होती.
त्यानं सांगतलं नाही तुम्हाले? डावीकडं ओढते म्हणून?"

सांगितलं होतं.
संक्रांतीच्या आसपास, दारात उभं राहून.
मी ताट्या मोजत होते,
आकडा चुकू नये म्हणून मान वर न करता म्हटलं होतं,
जुनी गाडी आहे, जड जाईलच.

नवी केबल, ब्रेक शूज, मजुरी, एकोणीसशे.
जॅकवर उचललेलं चाक मिस्त्रीने हाताने फिरवलं,
बिडी काढली, माचिस शोधली, पेटवली,
मग कुठं ते थांबलं.

आठवड्याने वहीत: बारा पॉइंट सहा.
प्रणय आता कळमन्याला, दुसऱ्याच्या गाडीवर.
मी फोन लावला
आणि जे म्हणायचं होतं त्याच्याऐवजी
आकडाच सांगितला.
तो थोडा वेळ गप्प.
मग, "मागचं डावं ओढते का अजून?"
"नाही."
"बरं."
पलीकडे हमाल ओरडत होते, कुणीतरी म्हणालं, सरकव बे.
मी म्हटलं, सोमवारी टायरांत हवा पाहायला येशील?
तो म्हणाला,
पाहतो.