मागची बाजू

या ओळीतली सगळी घरं रुळांकडे पाठ करून बसलेली.
पुढे रंगवलेली दारं, पितळी कड्या, नावाच्या पाट्या;
आणि मागे—
मागे काय, कोळसाच तर जायचा,
खाणीतून वीजघराकडे, दिवसा चार खेपा, रात्री दोन.
कोळशाला डोळे नसतात.
त्याच्यासमोर कुणीही काहीही वाळत घालावं.

मी कुंपणाच्या टोळीत. टेप, खुंट्या, निळ्या रंगाचा डबा.
साठ वर्षांनी माणसांची गाडी येणार म्हणून
ऑक्टोबरभर परसांच्या हद्दी मोजत होतो,
उत्तर समुद्राचा वारा कानात घेऊन.
कागदावर रेल्वेची जमीन म्हणजे सरळ रेघ.
जमिनीवर ती म्हाताऱ्या ऑर्डच्या वाफ्यात
अडीच फूट घुसली होती
(की वाफा तिच्यात, ज्याचं त्याने ठरवावं).
वाफ्यात लीक, कांद्याचे थोराड भाऊ,
मनगटाएवढे, मानेपर्यंत मातीत पुरून गोरे केलेले.
“शनिवारी प्रदर्शन आहे,” तो म्हणाला. एवढंच.
मी खुंटी सोमवारी ठोकली.
नोंदवहीत लिहिलं : पाऊस.

पलीकडे नॉर्मा थर्लवेल, ऐंशीला टेकलेली.
“शेवटच्या गाडीत मी होते,” तिने चहा देता देता सांगितलं,
“नाचाहून परत येताना. एकाच पायात बूट.”
दुसरा?
तिने साखर पुढे सरकवली.

कथबर्ट गेला त्याआधी खाण मिटली होती.
गाडी मात्र चालूच राहिली,
बंदरावर उतरलेला परदेशी कोळसा घेऊन.
पायाखाली आपला कोळसा, डोळ्यांपुढून दुसऱ्याचा जायचा.
तेवढा वेळ कथबर्ट खुर्ची फिरवून बसे.
ती मात्र अंथरुणात डबे मोजायची,
बत्तीसपर्यंत कधी पोचायची नाही.
मग रात्रीच्या खेपा बंद झाल्या
आणि दोन वाजता तिला जाग येऊ लागली,
काहीच आलं नाही म्हणून.

“नव्या गाडीला खिडक्या असणार ना?”
तिने विचारलं ते असं,
की खिडक्या मीच काढल्या.

डिसेंबरात चाचणीची गाडी आली.
आत सगळे दिवे, सगळ्या खुर्च्या,
माणूस नाही एकही.
परसात आम्ही दोघं, ती गाऊनवर कोट चढवून.
कुणी बघत नसतानाही तिने केस सारखे केले.
दुसऱ्या दिवशी मागचं दार रंगवायला घेतलं, हिरवं.
निम्म्यावर ब्रश ठेवला.
“बघतील तर बघतील.”

उद्घाटनाला पितळी वाद्यांचा बँड,
भाषण वाऱ्याने नेलं,
नव्या फलाटाला ओल्या सिमेंटचा वास.
ती माझ्यासमोर बसली, डावीकडे, खिडकीपाशी.
शहर पस्तीस मिनिटांवर;
तिने तिकीट काढलं होतं पहिल्या तीन मिनिटांसाठी.
दोन्ही पायांत बूट होते. मी पाहिलं.

ऑर्डचा वाफा गेला, कबुतरांची खुराडी गेली,
मग निम्मं हिरवं दार
आणि दोरीवर, वाऱ्याने पोट फुगलेले,
तिचे तीन भलेमोठे अंतर्वस्त्रांचे नग.
शेजारच्या पोराने त्यांना टाटा केला.
दोन सेकंद. फार तर अडीच.
“कोण बाई राहते तिथे कोण जाणे,”
ती नाक उडवून म्हणाली,
आणि पिशवीत तोंड खुपसून काहीतरी शोधत राहिली
जरा जास्तच वेळ.

पुलाच्या अलीकडे आम्हाला थांबवलं.
मालगाडीला आधी वाट.
आता कोळसा नाही, भुशाच्या गोळ्या असतात,
पण डब्यांचा आवाज तोच.
उशीर झाला म्हणून लोक घड्याळं बघू लागले.
तिचे ओठ हलत होते.
एकोणीसपर्यंत मला ऐकू आलं.