घाम

स्टेशनवर बॅनर धरून उभे होतो आम्ही अकरा जण.
बॅनरवर दोन झेंडे, मधे हस्तांदोलन करणारे दोन हात,
त्यातला एक छापताना पुसट आलेला.
ओंकार हलकुडेनं यादी मोठ्यानं वाचली:
पबित्रा आले.
मागून फैजान म्हणाला, आल्या म्हण रे, पाहुणी आहे.
आडनाव आहे ते, ओंकार म्हणाला.
आणि तीन दिवस, दोन गाड्या बदलून उतरलेली ती
आपल्या नावाला ही मुलं का हसतायत हे न कळून
आमच्यापेक्षा जोरात हसली.

कार्यक्रमपत्रिका चार पानी.
सिद्धेश्वर तलाव, भुईकोट,
वृक्षारोपण, तेही एप्रिलमध्ये,
'शेजारधर्म' या विषयावर अध्यक्षांचं मनोगत,
शेवटी प्रत्येक पाहुण्याला एक चादर,
मोर वर येईल अशी घडी घालून.

ती आमच्या घरी राहायला.
अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत,
जिथं काहीही सांगायचं तर मागाच्या वर आवाज चढवावा लागतो.
आई तेलुगूत म्हणाली, ही खाणार काय?
मी हिंदीत विचारलं,
तिनं नेपाळीत मान हलवली.
शेंगाचटणी खाऊन तिनं दही मागितलं, मग पाणी,
मग पुन्हा चटणी.

दुपारी गच्चीच्या दारात उभी राहून म्हणाली,
धेरै घाम छ.
आईनं लगेच टॉवेल आणून दिला.
ती टॉवेल हातात धरून बघत राहिली.

तिच्याकडे घाम म्हणजे ऊन.
थंडीत आठ-आठ दिवस धुकं, मग एका सकाळी घाम लागतो,
माणसं कामं टाकून अंगणात येतात
आणि त्याच्याकडे पाठ करून बसतात.
मी म्हटलं, आमच्याकडे तो आतून येतो.
बाबा जेवत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले,
एकच की गं ते.

दुसऱ्या दिवशी ती भुईकोटला गेलीच नाही.
बाबांबरोबर शेडमध्ये गेली.
तिची आई पाल्प्यात ढाका विणते, हातमागावर,
नक्षी कुठं काढलेली नसते, बोटांत असते.
बाबांनी तिला जॅकार्डची पुठ्ठ्याची माळ दाखवली,
आमची नक्षी ही अशी, भोकाभोकांची.
तेवढ्यात धागा तुटला.
तिनं विचारलंही नाही, गाठ मारली.
वेगळीच होती गाठ.
बाबांनी ती नखानं उलटून पाहिली, चष्मा वर करून पाहिली,
आणि तशीच ठेवली.
त्या चादरीत असेल अजून,
कुणाच्या तरी पायाशी.

पाचव्या दिवशीचं पाणी रात्री पावणेतीनला आलं.
मी उठेपर्यंत दोन पिंपं भरली होती तिनं.
म्हणाली, आमचं तानसेन डोंगरावर, पाणी खाली,
ही वेळ मला पाठ आहे.

आणि हे पत्रिकेत नव्हतं:
फैजान आणि मी चार वर्षं एका क्लबात.
रक्तदान, स्वच्छता, वह्यावाटप, सगळं मिळून केलं.
त्याच्या घरी मी पहिल्यांदा जेवले ते त्या आठवड्यात,
पाहुण्यांना घेऊन जायचं होतं म्हणून.
त्याची अम्मी पबित्राला वाढता वाढता
माझ्याकडे वळून म्हणाली, तू कुठली गं?
मी म्हटलं, अशोक चौक.
ती एवढंच म्हणाली, इतक्या जवळची.

निरोपाच्या सभेत 'मैत्रीचा सेतू' सहा वेळा आला.
ओंकार बोटं मोजत होता.
बाबा सभेला आले नाहीत, पाळी होती.
त्यांच्यासाठी ठेवून गेली ती एक ढाका टोपी,
लाल, काळी, मधे पिवळे दात असलेली.

ती बाबा शेडमध्ये घालतात.
केसांत कापूस जात नाही म्हणतात.
संध्याकाळी घरी येतात तेव्हा
नक्षी दिसत नाही, नुसती पांढरी असते.

जानेवारीत तिचा निरोप आला.
नऊ दिवसांनी आज घाम लाग्यो.
मी बाबांना वाचून दाखवला.
टोपी दारातच झटकत ते म्हणाले,
लागू दे म्हणावं.