दहा सेकंद मागे

जावयाने ठाण्याहून पासवर्ड पाठवला,
नातवाचं नाव आणि पुढे त्याच्या जन्माचं साल.
वर्षाचे पैसे भरलेत म्हणाला, नाटकं बघा पोटभर,
फक्त मॅच असेल त्या रात्री नको,
एका वेळी दोनच घरी चालतं.

तर वेंगुर्ल्यात, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत,
टीव्हीखाली सुक्या बांगड्याचा डबा तसाच ठेवून,
नाटक आलं.
ट्रकशिवाय आलं. शाळेच्या पटांगणात बांबू न रोवता,
आणि नटमंडळींनी कुणाकडे जेवायचं
यावरून एकही भांडण न होता.

तिसरी घंटा झाली तशी ह्यांनी
पाय जवळ घेतले. चष्मा पुसला.
टीव्हीपासून जरा उजवीकडे सरकवली खुर्ची,
तिथून धड दिसत नाही, तरी.

बत्तीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं ह्यांनी,
दिवसा बंदरावर मासळीचं वजन, रात्री तालीम.
आणि बत्तीस वर्षं मी पुढच्या रांगेत,
काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं पदरात घेऊन.
राजे पाहिले, वकील पाहिले, दारुडे पाहिले,
धुरींचा मधला मुलगा बाई होऊन रडलेला पाहिला.
नवरा तेवढा कधी दिसला नाही.

दुसऱ्या अंकात तो मोठा नट
मुलीकडे पाठ करतो, म्हणतो,
"तू गेलीस त्या रात्री…"
आणि थांबतो.
काय थांबला होता! माझे डोळे भरले.
हे म्हणाले, "इसारलो."

रिमोट माझ्या हातातून घेतला. दहा सेकंद मागे.
"तू गेलीस त्या रात्री…"
"आयक आता."
पंखा बंद केला. कुकरखालचा गॅस बंद केला.
समुद्र राहिला, त्याला बटण नाही.
पुन्हा मागे.
आणि मग मलाही आलं ऐकू,
विंगेतून, सुईच्या नेढ्यातून दोरा निघावा तसं,
"दिवा."

"…दिवा मीच विझवला होता," नट म्हणाला,
आणि तिकडे, कुठल्याशा शहरात,
अख्खं थिएटर हललं.

"बघलंस? एकच शब्द.
सगळा वाक्य दिला तर नटाचो अपमान,
उशिरा दिला तर नाटकाचो."

त्या रात्री तो नट अकरा वेळा विसरला
आणि अकरा वेळा तरला.
कढीपत्ता मागायला आलेली सुहासिनी दारातूनच म्हणाली,
"काय गो काकी, टीव्ही अडाकलो?"
मुलगी तितक्यात गेली नि अकरा वेळा परत आली,
भात अर्धा कच्चा राहिला,
ह्यांचे ओठ हलत होते,
आवाज नाही, फक्त ओठ, त्या शब्दाच्या किंचित आधी.

शेवटी नावं आली.
प्रकाश, रंगभूषा, कपडेपट,
चहा देणाऱ्या पोराचंसुद्धा नाव होतं.
मी थांबवून थांबवून वाचलं, नखाने ओळ धरून.
त्याचं नव्हतं.
मला राग आला. बत्तीस वर्षांचा असावा.
हे हसले. "नाव कित्याक?
पकडलो गेलो तो. आमका आयकाक इलो,
म्हणजे चुकलो."

मग लोक उभे राहिले, टाळ्या, टाळ्या,
नट वाकले, शिट्टी वाजली कुणाची तरी.
ह्यांनी टाळी वाजवली नाही.
डावा हात वही धरल्यासारखा पोटाशी,
उजव्याचा अंगठा बॅटरीच्या बटणावर,
जिथे बॅटरी नव्हती.

"बंद करू?"
"थांब गो. तो अजून भायर येवक नाय.
पानां गोळा करूक येळ लागता."

पडद्यावर आलं,
पुढचं नाटक पाच सेकंदांत,
चार,
तीन,
मी चष्मा न लावताच रिमोट चाचपला
आणि पहिल्यांदाच
बरोबर बटण सापडलं.