एकीचा गट

सेंट जॉन्सच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर
मी लोकांचे डेस्कटॉप राखते.
डेस्कटॉप तरी कसले,
टोरांटोच्या एका तळघरात घरघरणारी यंत्रे,
त्यांची नुसती चित्रे इथवर येतात,
खडकांना चिकटलेल्या गावांत,
जिथे वारा सुटला की जोडणी तोतरी होते.

धोरण बसवायचे तर आधी वाक्य उलगडावे लागते.
'भिंतचित्र दाखवण्यास मनाई'.
ही मनाई चालू करू, की बंद?
बंद केली तर चित्र दिसते. चालू केली तर दिसत नाही.
तिसरा पर्याय 'ठरवलेले नाही',
जेवणाच्या टेबलावर माझे वडील बसायचे तसा:
हो नाही, नाहीही नाही,
दुसरे कुणी बोलेल ते खरे.

नियम वरून ओघळत येतात.
आधी यंत्राचा स्वतःचा, मग जागेचा, मग डोमेनचा,
मग ज्या कप्प्यात तुम्हाला ठेवलेय त्या कप्प्याचा.
शेवटी बोलतो त्याचे चालते.
आणि लूपबॅक लावला की तो विचारतो,
तू कोण ते असू दे,
बसलीस कुठे ते सांग.

फेब्रुवारीत एकशे बारा जणांवर लावले:
भिंतचित्र नाही. घरचा प्रिंटर नाही.
तिकडचे उचलून इकडे चिकटवणे नाही.
पंधरा मिनिटे हात हलला नाही तर निष्क्रिय समजा, जोडणी तोडा,
तुटलेले सत्र मिनिटभरात मिटवा.
एंटर दाबले आणि कॉफी घ्यायला गेले.

तिसऱ्या दिवशी केपलिन टिकलहून, फेरीच्या बुकिंगवरून,
फिलोमिना किओचा निरोप:

बाई, तुमचे यंत्र मला निष्क्रिय म्हणाले.
मी खिडकीशी होते.
धुके उतरले की बोट धक्क्याला लागणार की वळणार
ते इथून बघावे लागते, तुमच्या टोरांटोतून नाही.
वीस मिनिटे जातात, कधी जास्त.
परत आले तर एका कुटुंबाचे अर्धे बुकिंग गडप
आणि पडदा मलाच नाव विचारतोय.
एकतीस वर्षे झाली या खुर्चीत.
आणि ते घड्याळ. दीड तास मागे आहे.
ज्यांची बोट सुटली त्यांना काय सांगू,
टोरांटोत अजून वेळ आहे म्हणून?

घड्याळाची लाज वाटली.
आमच्या बेटाचा तो अर्ध्या तासाचा हट्ट
मीच विसरले, इथे जन्मून.
वेळेचे सगळ्यांना त्याच संध्याकाळी दुरुस्त केले.

खिडकीचे अवघड होते.
टिझर्डसाहेब म्हणाले, एकीला दिलेस
तर एकशे अकरा रांगेत उभे राहतील.
बरोबरच होते त्यांचे.
ते घरी गेल्यावर मी एक गट केला,
त्यात एकच नाव घातले,
मर्यादा चाळीस मिनिटे.
लागले नाही.
दोन दिवस शोधत होते, मग आठवले,
माणसाला मुभा देऊन भागत नाही,
ज्या यंत्रावर तो बसतो त्यालाही
नियम वाचायची परवानगी लागते.
ती दिली. लागले.

वर्णनाच्या रकान्यात कारण लिहायचे असते.
'धुके' लिहिले, पुढे काही सुचले नाही.

तपासणीवाल्यांनी अजून विचारलेले नाही.
ऑक्टोबरात नोंदी चाळताना दिसते:
किओ, निष्क्रिय, अडतीस मिनिटे.
दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस.
मग आठवडाभर काहीच नाही, म्हणजे तिकडे ऊन.

आज पुन्हा अडतीस.
मी उठून आमच्या खिडकीशी गेले.
इथून बंदर दिसत नाही,
पार्किंग दिसते आणि मिठाचा एक ट्रक.
तरी उभी राहिले.

परतले तर माझाच पडदा काळा,
मधोमध एक पांढरी चौकट,
नाव विचारणारी.
त्या गटात मी नाही.