गिरणीचा सा

दहा एचपीची मोटर. सकाळी साडेसातला खटका वर ओढला
की आधी पट्टा फटफटतो, मग दगड गुरगुरतात,
मग सगळं मिळून एकच आवाज होतो, लांबलचक,
आणि त्याला टेकून मी
म्... धरते.
तोंड मिटून. उघडलं की पीठ.

पहिलं वर्ष मिटल्या तोंडानंच गेलं.
नाक थरथरायचं, वरचे दात थरथरायचे,
पैलाडच्या बायकांना वाटायचं, सुलूवहिनीची
दाढ दुखते.

सासऱ्यांकडून गिरणी आली तेव्हा तो आवाजही आला:
कोणाचा डबा हा? चाळून आणलंय का?
बावीस वर्षं मी मोटरीच्या वर ओरडले.
फोनमध्ये पहिल्यांदा स्वतःला ऐकलं
आणि फोन ज्वारीत खुपसून वर झाकण लावलं.
ती बाई मी नव्हते.
पट्टा तुटायच्या आधी जे करतो
तसलं काहीतरी ती करत होती.

म्हणून आधी ओरडणं सोडलं.
दाराशी पाटी टांगली, खडूनं नंबर लिहिते.
हिलालआप्पा म्हणाले, मौन धरलं का?
मी मान हलवली. ती हो होती की नाही
त्यांचं त्यांनी ठरवलं.

व्हिडिओतला मास्तर सांगायचा, पोटातून गा.
पोटातून म्हणजे कुठून, ते दाखवायचा नाही.
एके दिवशी गव्हाचा अठरा किलोचा डबा
वरच्या पेटीत ओतायला उचलला
आणि हुं निघाला,
बेंबीखालून, भरदार, कोणाला न विचारता.
डबा तसाच अधांतरी धरून
मी तो परत काढला. परत.
खांदे भरून आले, पण जागा सापडली.

पंचमाकडे जाताना हनुवटी वर जायची,
जणू फळीवरचा डबा काढायचाय.
महिनाभर हनुवटीखाली मूठ धरून गायले.
निषाद अजून लागत नाही.
तो बोरीच्या पुरासारखा, ऐकलाय सगळ्यांनी,
पाहिला कमी.

गिरणीचा सा एका जागी राहत नाही, हे उशिरा कळलं.
गहू असला की ठीक.
कळण्याचं दळण आलं, ज्वारीत अख्खे उडीद, खडेमीठ,
की मोटर दमते, सा बोटभर उतरतो
आणि त्याच्यामागे मीही.
म्हणजे माझा असा सा नव्हताच.
दाण्याचा होता. वीजमंडळाचा होता.

मागच्या मंगळवारी, ऊन चव्वेचाळीसवर,
दगूबाईचं कळणं अर्ध्यात,
लाइट गेली.
मोटर वरून खाली घसरत आली
एकही पायरी न मोडता,
मास्तर जिला मींड म्हणतो, मला कधी जमली नाही,
ती ही, इतकी वर्षं माझ्या कानाशी.
मग दगड थांबले.
सा उरला होता.
कोण धरून बसलंय म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं.
पीठ हवेतून खाली येत होतं,
उघड्या तोंडात जिभेवर
थोडं उडीद, थोडं मीठ.

"कोन गाई ऱ्हायनी वं?" बाहेरून दगूबाई.
आणि लगेच, "मन्हं दळन व्हई गयं का?"

अकरा मिनिटं लाइट नव्हती.
तेवढ्यात चारदा सोडला, पाचदा धरला,
तिथंच. बहुतेक तिथंच.
मग मोटर चढत चढत आपल्या जागी गेली
आणि मी खाली होते.
फार नाही, उडदाएवढी.
पण खाली आहे, हे मला ऐकू आलं,
कोणी सांगायच्या आधी.

पाटी पुसली. सतरा लिहिलं.