विरजण

लॅबमधलं जुनं कपाट सरकवलं तर
खाली खसखशीचा ढीग.
मी केरसुणी आणायला वळलो,
खैरनार मॅडम म्हणाल्या, थांबा निमसे,
खसखस नाही ती.
कुणीतरी तुमचं कपाट खाऊन पचवलंय.

तेवीस वर्षं मी इथं काचेच्या बशा धुतोय,
गंगापूर रोडच्या या कॉलेजात,
बेडकांपासून झुरळांपर्यंत सगळ्यांची पोटं
उघडलेली पाहिलीत.
वाळवीला लाकूड पचतं, एवढंच ठाऊक होतं,
जसं गाईला गवत पचतं,
आणि आमच्या साहेबांना पैसे.

मॅडमनी एक उचलली, तांदळाच्या कणीएवढी,
मिठाच्या पाण्यात ठेवून
चिमट्यानं मागून हलकेच ओढली.
आतडं आलं ओल्या सुतासारखं.
बघा, म्हणाल्या.

बुधवारी गंगेवर बाजार भरतो ना,
पुलावरून दिसतो तसा,
तसाच, फक्त एका थेंबात.
झिपरे, पेरूच्या आकाराचे जीव,
प्रत्येकाच्या पोटात लाकडाचा चुरा,
वळताहेत, धडकताहेत, चाललेत आपले.
कपाट हे पचवतात, मॅडम म्हणाल्या,
वाळवी नुसती हमाल.
हे नसतील तर ती खात राहील
आणि भरल्या पोटी उपाशी मरेल.

तेवढ्यात थेंबाच्या कडेचे जीव मंदावले.
हवा लागली त्यांना, मॅडम म्हणाल्या.
आपली हवा.
पाच मिनिटांत बाजार उठला.
मी डोळा काढला नाही.

मग त्यांनी सांगितलं ते मला घरीही पुरलं:
वाळवी कात टाकते,
तेव्हा आतड्याचं अस्तरही टाकते,
आणि त्याबरोबर हे सगळे जातात.
दर वेळी रिकामी.
दर वेळी दुसरीच्या मागे जाऊन
मागून घ्यावं लागतं, अगदी शब्दशः मागून.
पोरं हसली असती वर्गात.
मला हसू आलं नाही.

गेल्या वर्षी सिव्हिलमध्ये अकरा दिवस
मला सलाईनमधून औषधं दिली,
चांगले-वाईट सगळेच मेले पोटातले.
घरी आलो तर पाणीसुद्धा ठरेना.
डॉक्टर म्हणाले, दही खा.
यमुनानं कपाट उघडलं,
विरजणाच्या वाटीत हिरवी बुरशी.
घराला कुलूप होतं ना अकरा दिवस.
वाटी घासून ती अहिररावांकडे गेली.
वहिनी म्हणाल्या, मागता काय,
तुमचंच आहे,
आमच्याकडचं नासलं तेव्हा
तुम्हीच दिलं होतं, बारा वर्षं झाली.
वणीहून यमुनाच्या आईनं
स्टीलच्या डब्यात दिलेलं ते.
सासूबाई गेल्या.
दही लागलं.

मॅडमनी नुकतीच कात टाकलेली एक
वेगळी काढली, सात नंबरच्या बशीत.
पांढरी, दुधाच्या सायीसारखी, आरपार दिसणारी.
शेजारी ओल्या टिपकागदाचा तुकडा.
खाईल ही, म्हणाल्या,
किती दिवस टिकते ते पाहायचंय.
आणि वहीत तारीख टाकली.

साडेपाचला दिवे बंद करताना
बशीत ती कागद कुरतडत होती.
खात होती.
अनुभवी माणसानं लॅबमधल्या कामात हात घालू नये,
हे मीच नव्या पोरांना सांगतो.
कपाटाच्या मागची फळी मी नखानं उचकटली,
एक धष्टपुष्ट पाहिली,
आणि.

सकाळी मॅडम वहीत लिहीत होत्या,
मोठ्यानं वाचत, माझ्याकडे न बघता:
नमुना सात. एकाचे दोन.
कारण अज्ञात.
मी नळ सोडला, बशा घासायला घेतल्या.
थोड्या वेळानं पाठीमागून आवाज आला,
निमसे,
सात नंबरची तेवढी धुवू नका.